वैशाखात भरलेली फट

१४ एप्रिल
महालक्ष्मीच्या यात्रेला जाऊन आलो. ऊन कडक. सोनूबाई पुढे, मी मागे. लग्न झाल्यापासून हाच क्रम आहे.

सुक्या मासळीच्या रांगेत भिकी दिसली. माझी धाकटी बहीण. बारा वर्षं आम्ही बोललेलो नाही. उसाच्या रसाच्या गाड्याआड उभा राहून दोन ग्लास रस प्यालो आणि तेवढा वेळ तिला बघत होतो. प्लॅस्टिकचा क्रेट उलटा टाकून त्यावर बसली होती. क्रेट मधेच एका बाजूला खचायचा, ती कलायची, सावरायची आणि पुन्हा गिऱ्हाइकाशी भांडायला लागायची. आई याच रांगेत, याच झाडाखाली बसायची. फक्त ती पेटीवर बसायची.

सोनूबाई म्हणाली, "तुम्ही रस प्या, मी आलेच." आली ती बोंबलांचं पुडकं घेऊन. असे बोंबील आमच्या कासा गावात कुणाच्या घरात येत नसतील. बाईला मासळीची पारख आहे खरी. कुणाकडून घेतलेस, विचारलं, तर म्हणाली, "बाजारातून."

पुडक्याला नेहमीसारखा निळा नायलॉनचा दोरा. जाळं विणताना मारतात तशी गाठ, पण उलट्या बाजूने मारलेली. ती सुटत नाही, कापावीच लागते. कापलेला दोरा मी टाकत नाही. कवितेच्या पुस्तकात खूण म्हणून घालतो.

१५ एप्रिल
रात्रभर तो क्रेट डोळ्यांसमोर होता.

आज आईच्या त्या पेटीतली माझी पुस्तकं काढून खाटेवर ठेवली. पेटी बापाने केलेली, मोडलेल्या होडीच्या सागाची. झाकणाची फळी अखंड, हातभर रुंद. आता तिला या टोकापासून अर्ध्यापर्यंत फट पडली आहे. टोकाशी करंगळीचं नख आत जातं. लाकूड म्हटलं की कधीतरी फाटतंच. जंगल खात्याच्या डेपोत तीस वर्षं कारकुनी केली, फाटलेले ओंडके काय कमी पाहिले?

वहीत खोटं लिहायचं नाही, असं ठरवून वही सुरू केली आहे, म्हणून लिहितो. आईच्या तेराव्याला भिकीने एकच वस्तू मागितली. "पेटी मला दे दादा, यात्रेला बसायला." मी म्हणालो, बसायला काय, क्रेटसुद्धा चालेल, पेटीत माझी पुस्तकं राहतील. चार माणसांत म्हणालो. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि उठून गेली. त्या वर्षी राखी आली नाही. पुढेही आली नाही.

पेटी दुरुस्त करून तिला द्यायची. तिने मला पुन्हा दादा म्हणावं, एवढंच हवं आहे. बहात्तर वय झालं. अजून किती वर्षं रसाच्या गाड्यामागे उभा राहू?

१९ एप्रिल
फटीत लाकडाचा भुसा आणि गोंद घालून पाहिला. वाळल्यावर खरूज धरल्यासारखं दिसायला लागलं. खरवडून काढला.

चारोटीला जिग्नेशचं लाद्यांचं दुकान आहे, तिथे सहज बसलो होतो. तो म्हणाला, "काका, एक गंमत बघा," आणि फोन पुढे केला. कुठला तरी परदेशी माणूस लाकडी पेटीच्या फटीत निळ्या दगडाचा चुरा भरतो, वर पातळ गोंद सोडतो, घासतो, आणि फटीच्या जागी निळी नदी वाहायला लागते! मी तीनदा पाहिलं. शाळेत गुरुजी नदीची कविता म्हणायचे तेव्हा खिडकीतून जसा खाडीकडे बघत बसायचो, तसा बघत बसलो.

जिग्नेश म्हणाला, "आपडी पासे निळा नथी, हिरवा मार्बल आहे. तुकडे पडलेत, घेऊन जा." पिशवीभर आणला. समुद्र काही रोज निळा नसतो. आमच्या जन्मगावचा, वाढवणचा तर बहुतेक हिरवाच.

२२ एप्रिल
दगड कुटायला सोनूबाईचा लोखंडी खलबत्ता घेतला.

"त्यात मी वेलची कुटते."
"धुऊन देईन."
"बारा वर्षांनी सुचलं ते सुचलं, वर माझाच खलबत्ता."
"तुला कसं कळलं कुणासाठी ते?"
"पुस्तकं खाटेवर आहेत आणि तुम्ही जमिनीवर झोपताय. आंधळी नाही मी."

कुटलेला दगड चाळून तीन वाट्या केल्या. रव्यासारखा, पिठासारखा आणि मधला. आधी जाड चुरा फटीत बसवायचा, त्याच्या पोटात मधला, वर पीठ. मग पातळ गोंद थेंबाथेंबाने सोडायचा. गोंद आत उतरताना धूर निघतो, डोळे झोंबतात. वाळलं की कानस, मग पॉलिश पेपर. पहिला प्रयोग शेजारच्या सुषमाच्या मसाल्याच्या लाकडी डब्यावर केला. त्याच्या सरकत्या झाकणाला चीर होती. सुषमा म्हणाली, "काका, दागिना केलात की!" तिने दोघींना दाखवला. संध्याकाळी आणखी एक पेटी आणि एक पोळपाट दारात.

३० एप्रिल
आज अक्षय्य तृतीया. आईच्या पेटीला हात घातला. आधी पटाशीच्या टोकाने फट आतून साफ केली. पांढरी पूड निघाली. तो धुण्याचा सोडा. पेटी घरी आणली तेव्हा तिला सुक्या मासळीचा भयंकर वास होता. पुस्तकांना लागेल म्हणून सोड्याच्या गरम पाण्याने चारदा धुतली, आठ दिवस पत्र्यावर उन्हात उघडी टाकली, मग पॉलिश. वास पार गेला. फट नेमकी कधी पडली ते मात्र आठवत नाही.

४ मे
काळ्या मिस्त्री आला होता. डेपोत असताना माझ्या हाताखाली ओंडके मोजायचा, नंतर सुतारकाम धरलं, पण मला अजून डेपोतल्यासारखं बाबूच म्हणतो. झाकण हातात घेऊन फिरवून पाहिलं, भरलेल्या जागेवर टिचकी मारली.

"बाबू, वैशाखात फट भरतोस?"
"मग कधी भरायची?"
"आता ती जास्तीत जास्त उघडलेली आहे. पावसाळी हवेत फळी फुगेल. जागा तू दगडाने भरून टाकलीस. ती जाईल कुठे?"
"कुठे जाणार? राहील आहे तिथे."
"तीस वर्षं लाकूड वहीत लिहिलंस रे बाबू, हातात नाही धरलंस."

चहा पिऊन गेला. माणूस चांगला आहे, पण लोक माझ्याकडे पेट्या आणायला लागल्यापासून जरा तिरकस बोलतो. साहजिक आहे. त्याचाच धंदा ना.

१२ मे
झालं. फट होती तिथे आता हिरवी रेघ आहे, टोकाशी रुंद आणि आत जाताना निमुळती होत गेलेली. खाडी आत शिरते तशी. झाकण उघडून मिटून पाहिलं. चौकटीत अलगद बसतं, टक् आवाज येतो.

नुसती पेटी कशी पाठवायची? दुपारभर बसून दोन ओळी केल्या, चांगल्या अक्षरात लिहून आत ठेवल्या:

सागराच्या सागवानी पेटीला पडली चीर,
हिरव्या दगडाने शिवली, भाऊ झाला अधीर.

मात्रा काटेकोर नाहीत. पण भिकी तिसरीपर्यंत माझ्याच शाळेत होती, चाल लावून म्हणेल.

१५ मे
सोनूबाईने पेटी जीपने वाढवणला भिकीकडे नेली. मी गेलो नाही. गुडघा दुखत होता. म्हणजे दुखतो अधूनमधून.

सोनूबाईला भिकीचं घर सापडेल का, ही काळजी होती. बंदराच्या विरोधाचा मोठा फलक लागला आहे त्याच्या पलीकडची गल्ली, हे तिला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "हो, हो." संध्याकाळी परत आली.

"काय म्हणाली?"
"ठेवून घेतली."
"आणि?"
"झाकण उघडून नाक आत घातलं."
"आणि?"
"आणि बंद केलं. जेवायला वाढू का?"

येताना पापलेट आणले होते. निळा दोरा. मासेमारी बंद व्हायला पंधरवडा राहिला, तरी हिला असे पापलेट मिळतात.

२० जून
निरोप नाही. कवितेबद्दलही नाही. पोस्टमनकडे विचारणं बरं दिसत नाही, तरी विचारलं.

८ जुलै
सुषमाचा डबा आला. सरकतं झाकण अडकलं आहे, हळद आत. तिने लाटणं मारून पाहिलं, तर कोपरा उडाला. "काका, आधीची चीर बरी होती हो," म्हणाली. हसत म्हणाली, तरी म्हणाली. पोळपाटवाल्या बाई हसल्याही नाहीत. त्यांचा पोळपाट नव्या जागी फुटला आहे. माझ्या हिरव्या रेघेला काही झालेलं नाही. तिच्या शेजारी फुटला.

जेवण गेलं नाही. वाढवणची हवा इथल्याहून दुप्पट ओली.

१३ जुलै
भिकीचा मुलगा जीवन मोटरसायकलवर पेटी बांधून घेऊन आला. ओसरीवर ठेवली, ताडपत्री काढली. झाकण फुगून चौकटीत घट्ट रुतलं होतं. आत भिकीचा चष्मा, तिची कागदपत्रं. चार दिवस उघडेना, तेव्हा याने पहारीने उचकटलं. झाकणाची कड मोडली आणि फळी हिरव्या रेघेच्या शेजारून नव्याने तडकली. एक जुनी फट भरली, त्याची दुसरी झाली.

मी म्हटलं, "परत पाठवली तिने?"
जीवन म्हणाला, "नाय मामा. ती म्हणाली, परत करायला नको, बघायला ने. भावाला म्हणावं, बघ."
"काय बघू?"
"ते नाय सांगितलं."

सोनूबाईने त्याला चहा दिला. "आईचा खोकला कमी झाला का रे?" तिने विचारलं. भिकीला खोकला होता हे हिला कसं कळलं कोण जाणे. बायकांना माणसाच्या तोंडाकडे बघून कळतं.

१४ जुलै
काळ्याकडे गेलो. आधी चुकलो म्हणालो. निदान त्याच्याजवळ तरी एकदा म्हणायला जमलं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तो हसला नाही. पेटीच्या तळाचा वास घेतला. "हिला धुतलीस?"
"सोड्याने."
"आणि उन्हात टाकलीस. होडीचं लाकूड, बाबू. मीठ आणि मासळीचं तेल पिऊन बसलेलं. ते तू धुऊन काढलंस, वर पत्र्यावर भाजलंस. फाटणार नाही तर काय करणार?"

म्हणजे फट आपोआप पडली नव्हती. बारा वर्षं मी आपोआप म्हणत होतो.

त्याने उपाय सांगितला. हिरवा दगड सगळा कोरून काढायचा. मग लाकूड भरपूर फुगू द्यायचं, फट जेवढी मिटते तेवढी मिटू द्यायची. उरेल तेवढीच भरायची. ते श्रावणातच. आणि शेवटी टोकाशी दोन बोटं जागा मोकळी ठेवायची, लाकडाला फुगायला-आटायला.

"इथे माझ्या पडवीत करतो," मी म्हटलं.
"इथे करून उपयोग काय? पेटी राहणार कुठे?"
"वाढवणला."
"मग तिथल्याच हवेत कर. चार-पाच दिवस लागतील. तिथेच राहा."

मी म्हटलं, गुडघा दुखतो. काळ्या म्हणाला, "जीप गुडघ्यावर चालत नाही."

४ ऑगस्ट
तीन आठवडे कारणं काढली. ती इथे लिहीत नाही. आज जीपने डहाणू रोड, तिथून रिक्षाने वाढवण. मांडीवर पेटी, खांद्याला पटाशी-कानशीची पिशवी.

भिकी ओसरीवर सुपात सुका जवळा निवडत बसली होती. मान वर केली नाही.
"कोण?"
"मी."
"मी म्हणजे?"
"मोतीराम."
"कुठला मोतीराम? एक होता, तो कविता लिहून पाठवतो. येत नाही."

मी पेटी खाली ठेवली. तिने सूप बाजूला केलं. "अधीर झाला म्हणे भाऊ. अधीर झालेला माणूस बायकोच्या हातून पेटी पाठवतो होय? एवढं ते चिरीला धीर का काय जुळवत बसलास. त्यापेक्षा एक साधा शब्द लिहायचा होतास."

कुठला ते मी विचारलं नाही. ‘चुकलो’ हा शब्द काळ्याजवळ म्हटला होता, पण तिथे तो सोपा होता. मी म्हटलं, "झाकण दुरुस्त करायला आलोय. चार-पाच दिवस लागतील."
"राहशील कुठे?"
"इथे ओसरीवर."
"वास येईल मासळीचा. तुझ्या पुस्तकांना."

पिशवीतून पटाशी काढली आणि हिरवा दगड कोरायला बसलो. बारा दिवसांत बसवलेला दगड काढायला अख्खी दुपार गेली. संध्याकाळी तिने भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढे सरकवली.

६ ऑगस्ट
दोन दिवस नुसती वाट बघतो आहे. लाकूड ओली हवा पितं आहे. नव्या तड्यात परवा दोरा जात होता, आज जात नाही. जुनी फटही मिटत आली, फक्त केसासारखी रेघ आणि उचकटलेली कड राहिली. हे सगळं बसल्या जागी, कुणी काही न करता. मला असं रिकामं बसून राहायची सवय नाही. घरी असतो तर पुस्तक घेतलं असतं.

भिकी समोर पुडकी बांधत होती. डावखुरी आहे, लहानपणी आई त्यावरून ओरडायची. तिच्याजवळही तसल्याच निळ्या दोऱ्याचं रीळ आहे. किनाऱ्यावर सगळे हाच दोरा वापरतात वाटतं.

संध्याकाळी उशिरा म्हणालो, "भिके, पेटी मी धुतली. सोड्याने. आईचा वास मी घालवला. उन्हातही मीच टाकली. आणि तेराव्याला क्रेटचं बोललो तेही चुकलं."

ती पुडकी बांधतच होती. हातातली गाठ पुरी केली. मग म्हणाली, "मला पेटी नव्हती रे हवी. तिथे बसलं की खालून आईचा वास यायचा. दिवसभर ऊन, गिऱ्हाइकांची कटकट, पण खालून आई. मे महिन्यात उघडून बघितली तर दुकानातला वास. मी दोन दिवस जेवले नाही."

मी बांधलेली पुडकी एका बाजूला रचत गेलो.

७ ऑगस्ट
भरायला जिग्नेशच्या दुकानातला हिरवा चुरा काढला. भिकी म्हणाली, "तो कशाला? विकतचा दगड. आपला नाही का?" ओहोटी होती. खडकावरून चालत गेली आणि मूठभर काळा दगड घेऊन आली. आईचाच जुना खलबत्ता काढला. कुटला तिने, डाव्या हाताने, मी चाळला. मी म्हटलं, बारीक कर, ती म्हणाली, मला शिकवू नकोस.

केसासारखी फट आणि मोडकी कड काळ्या चुऱ्याने भरली, गोंद सोडला. धूर डोळ्यांत गेला, दोघांच्याही. टोकाशी दोन बोटं जागा मोकळी ठेवली. काळी रेघ लांबून दिसतच नाही. बोट फिरवलं तर कळते.

९ ऑगस्ट
आज नारळी पौर्णिमा. पहाटे जीवन नारळ घेऊन होडीवर गेला. भिकीने पेटीत तळापासून बोंबील रचले, झाकण लावलं. अलगद बसलं. "आता धुवायची नाही," म्हणाली.

"नाही."
"पुस्तकं ठेवायची नाहीत."
"नाही गं."

मग देवघरातून राखी आणली, लाल दोरा, वर एक मणी. बांधताना म्हणाली, "बारा वर्षांच्या बारा बांधणार होते, पण दुकानदार म्हणाला, एकच घ्या." दादा म्हणाली नाही. मी वाट पाहिली. निघताना रिक्षात बसलो तेव्हा मागून ओरडली, "दादा, पिशवी विसरलास!" मी मुद्दामच विसरलो होतो असं नाही.

५ एप्रिल
आठ महिने वहीत काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणजे सगळं ठीक होतं.

आज यात्रा. भिकी झाडाखाली पेटीवर बसली होती. मी गाड्यामागे गेलो नाही. सरळ समोर जाऊन उभा राहिलो. तिने झाकणाचं टोक दाखवलं. सोडलेल्या जागेत आगकाडी जाईल एवढी चीर उघडली होती.

"बघ, तुझं काम. उघडली."
"उन्हाळा आहे. पावसाळ्यात मिटेल."
"ते मला माहीत आहे. तुला माहीत झालं का ते बघत होते." ती एका बाजूला सरकली. "बस. सागाची आहे, मोडत नाही."

बसलो. खालून वास येत होता. आईचा की नुसता बोंबलांचा, मला वेगळा काढता आला नाही.

सोनूबाई आली. भिकीने काही न विचारता पुडकं उचललं, निळा दोरा फिरवला आणि डाव्या हाताने गाठ मारून तिच्या पिशवीत टाकलं. सोनूबाईनेही काही विचारलं नाही. दोघी माझ्याकडे बघून हसल्या. "झाला का रस पिऊन?" भिकी म्हणाली.

घरी आलो. कवितांची पुस्तकं काढली, एकेक खूण ओढून बाहेर घेतली. पहिल्या पुस्तकापासून शेवटच्या पुस्तकापर्यंत. खाटेवर निळ्या दोऱ्यांचा ढीग झाला. सगळ्यांची गाठ उलट्या बाजूने मारलेली.

पुन्हा एकेक करून होत्या त्या पानांत घातल्या. सोनूबाईला काही विचारलं नाही. स्वयंपाकघरातून बोंबलांचा वास येतो आहे.